अठ्ठावीस तारखेचा नाताळ

आमच्या गावात नाताळ अठ्ठावीस डिसेंबरला असायचा. साऱ्या जगाचा पंचवीसला, आमचा अठ्ठावीसला. हे कोणालाही सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, म्हणजे तुमचा पंथ वेगळा का? नाही हो. पंथ तोच, शास्त्र तेच, गाणी तीच. फक्त आमच्या वाट्याला पाळक तीन दिवस उशिरा यायचा.

पाळक म्हणजे आमच्या मंडळीचे धर्मगुरू. मेहकर तालुक्यात आमच्यासारखी लहान लहान गावं. कुठे ख्रिस्ती घरं अकरा, कुठे सहा, कुठे एकच. तालुक्याचं गाव धरून पाच गावांना मिळून पाळक एक, आणि ते राहायचे तालुक्याला. पंचवीसची सकाळ तालुक्याच्या मोठ्या चर्चची. ती ठरलेली, तिला कोणी हात लावायचा नाही. उरली चार गावं. त्यांतल्या एकाला पंचवीसची दुपार, दुसऱ्याला सव्वीस, तिसऱ्याला सत्तावीस आणि शेवटी आम्ही. एका खेपेला एकच गाव, कारण उपासना झाली की पाळकांनी प्रत्येक घरी जाऊन प्रार्थना करायची, प्रत्येक घरी चहा घ्यायचा, आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि मग एसटी गाठायची. एसटी चुकली तर मुक्काम. हे सगळं मला आज कळतं. तेव्हा एवढंच कळायचं की आपल्याला नेहमी शेवटी ठेवतात.

कोणी म्हणेल, पाळक नसले तर काय झालं, आपलं आपण साजरं करायचं. मी तेच म्हणायचे. पण माझे बाबा मंडळीचे पंच होते, आणि त्यांचं म्हणणं होतं की प्रभुभोजनाशिवाय नाताळ नाही. येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीची ती भाकर मोडायचा अधिकार फक्त पाळकांना. गाणी आपण म्हणू, वाचन आपण करू, पण मेज मांडलं नाही तर तो नाताळ कसला? बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते आणि घरीही मास्तरच होते. त्यांनी एकदा नाही म्हटलं की विषय संपला.

त्यामुळे पंचवीस डिसेंबर हा माझ्या लहानपणचा सगळ्यात रटाळ दिवस. शाळेला सुटी. रेडिओवर नाताळच्या शुभेच्छा. आणि आमच्या घरात काय, तर आई गव्हातले खडे निवडून राहिलेली. करंजीचं सारण डब्यात भरून वर फळीवर ठेवलेलं. चकल्या झालेल्या, पण त्यांच्या डब्याला आईने फडकं बांधून वर गाठ मारलेली. बांबूच्या कामट्यांचा तारा बाबांनी करून ठेवलेला, पतंगी कागद लावून, पण तोही खाटेखाली. तारा सत्तावीसच्या संध्याकाळी वर चढायचा, त्याआधी नाही. मी दिवसभर आत-बाहेर करायचे. आई म्हणायची, "येरझाऱ्या घालून तारीख लवकर येत नसते माय."

खरी फजिती अठ्ठावीसला व्हायची, कारण त्या दिवशी शाळा असायची. सुटीच्या दिवशी आमच्याकडे सण नाही आणि सणाच्या दिवशी सुटी नाही. बाबा रीतसर रजेचा अर्ज करायचे आणि कारण लिहायचे, 'नाताळ'. मुख्याध्यापक दरवर्षी तो अर्ज हातात धरून शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचायचे आणि हसायचे. "मास्तर, तुमचा येसू काय पॅसेंजर गाडीनं येते का?" बाबाही हसायचे. मला बाबांच्या त्या हसण्याचा राग यायचा. आपल्यावर कोणी हसत असताना माणूस कसा काय हसू शकतो?

मी सुटीची चिठ्ठी घेऊन वर्गशिक्षिकेकडे गेले की त्या चष्म्यावरून बघायच्या. "नाताळ तर झाला की परवाच." मी मान खाली घालून उभी. माझ्या बाकावर माझी मैत्रीण बसायची, शिंप्याची मुलगी. तिच्या अब्बांकडेच आमचे नाताळचे फ्रॉक शिवायला जायचे. तिने एकदा मला अगदी मनापासून विचारलं, "आमची ईद चांद दिसला का होते. तुमचं काय दिसल्यावर होते वो?"

मी म्हटलं, "पाळक दिसल्यावर."

तिला ते पटलं. तिला त्यात काहीच विचित्र वाटलं नाही. वर तिने विचारलं, की मग तुम्ही छपरावर चढून बघता का. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

अकरा वर्षांची असताना मी बाबांशी पहिल्यांदा शास्त्रावर भांडले. रविवारच्या शाळेत येशूजन्माची गोष्ट आम्हाला पाठ झालेली होती. मरिया, योसेफ, उतारशाळेत जागा नाही, गव्हाणीत ठेवलेलं बाळ, रानात मेंढरं राखणारे मेंढपाळ. मी जेवताना म्हटलं, "बाबा, मेंढपाळाइकडे कोणता पाळक आला होता? ते तर रातच्या रातच निंगाले."

बाबांनी घास खाली ठेवला. त्यांना प्रश्न आवडला होता, हे मला दिसलं. म्हणाले, "त्याइले देवदूत आला होता. तुले आला का?"

"मंग मांगी लोक? ते तर ताऱ्यावरच निंगाले." तारा बघत पूर्वेकडून बाळाला भेटायला आलेल्या ज्ञानी लोकांना आमच्या जुन्या भाषेत मागी म्हणतात, मी नेहमी मांगी म्हणायचे.

"अन् पोचले कवा? उशिराच पोचले ना ते? त्याइचा नाताळ काय कमी झाला?"

"पंचवीस म्हंजे पंचवीस!"

"पंचवीस तारीख शास्त्रात कुठं लिवली, दाखव मले."

"अठ्ठावीस तरी कुठं लिवली?"

आई तोंडाला पदर लावून हसत होती. बाबा म्हणाले, जेव. बस, तेवढंच. मास्तर हरला की पोराला जेवायला सांगतो, ही गोष्ट मी स्वतः मास्तरीण झाल्यावर शिकले. पण त्या दिवशी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला तर्कात जिंकायचं नव्हतं. मला पंचवीसला सकाळी उठून नवा फ्रॉक घालायचा होता, सगळ्यांबरोबर, आणि रेडिओवरच्या माणसाने 'आज' म्हटलं की तो माझाही आज असायला हवा होता.

तोपर्यंत माझी समजूत अशी होती की हे सगळं पाळकसाहेब ठरवतात. मनातल्या मनात मी त्यांचा फार दुस्वास केला. अठ्ठावीसला ते यायचे, प्रार्थनाघराच्या पत्र्याखाली उभे राहून देवाच्या प्रीतीवर बोलायचे, कडब्यात मांडलेल्या मातीच्या मेंढरांचं कौतुक करायचे, आणि मी पहिल्या रांगेत त्यांच्याकडे डोळे वटारून बघत बसायचे. माणूस बिचारा गरीब होता. मला पेपरमिंटच्या गोळ्या द्यायचा. मी गोळ्या घ्यायचे आणि राग तसाच ठेवायचे.

तेराव्या वर्षी खरी गोष्ट कळली. दिवाळी झाली की एका शनिवारी पाचही गावांचे पंच पाळकांच्या घरी जमायचे. त्याला आमच्यात तारीखवाटप म्हणत. त्या वर्षी मला चष्म्याचा नंबर काढायला तालुक्याला न्यायचं होतं, म्हणून बाबा मलाही घेऊन गेले. मी ओसरीवर बसले होते. आत बोलणं चाललं होतं.

पाळकसाहेब म्हणाले, "मास्तर, किती वर्षं झाली? यंदा पंचवीसची दुपार तुम्ही घ्या. तुमची मंडळी मोठी आहे. लेकरं आहेत."

मी उठून दाराजवळ गेले.

बाबा म्हणाले, "नाही साहेब. पंचवीस बाईकडेच राहू द्या. आमचं काय, आम्ही थांबतो."

बाई कोण ते मला माहीत होतं. जानेफळच्या पुढे एका लहानशा गावात ख्रिस्ती घर एकच होतं. त्या घरात एक विधवा बाई आणि तिचे थकलेले सासू-सासरे. मूलबाळ नाही. बाई अंगणवाडीत मदतनीस होती. आमच्याकडे कधीतरी बाजाराच्या दिवशी यायची तेव्हा आम्ही तिला मावशी म्हणायचो. म्हणजे तीन माणसांसाठी पंचवीस, आणि आमच्या अकरा घरांसाठी, पंधरा-वीस लेकरांसाठी अठ्ठावीस. आणि हे कोणी आमच्यावर लादलेलं नव्हतं. माझ्या बापाने, दरवर्षी, स्वतःच्या तोंडाने, देऊन टाकलेलं होतं.

परतीच्या एसटीत मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी खारे दाणे घेतले, पुडी माझ्यापुढे धरली. मी खिडकीकडे तोंड केलं. डोणगावच्या थांब्यावर बस बराच वेळ थांबली तेव्हा मला राहवलं नाही.

"काऊन देल्ली?"

त्यांनी कळत नसल्याचं सोंग केलं नाही. म्हणाले, "तिचं कोन आहे पोरी? आपुन अकरा घरं आहो. तीन दिस गाणे म्हनू, वाट पाहू, गंमत जाईन. ती तीन दिस एकटी काय करीन?"

"मंग आपुनच काऊन शेवटी? दुसऱ्या गावाइले सांगा ना."

"कोनी ना कोनी शेवटी रायतेच. ज्याले जमते त्यानं रावं." मग थोडं थांबून म्हणाले, "देवाच्या पोराले जागा भेटली नाई, तो भांडला का? गोठ्यात झोपला. नाताळ म्हंजे दुसरं काय आहे?"

मी तेरा वर्षांची होते, आणि माझ्या आयुष्यात मला एकच उत्तर वेळेवर सुचलं आहे, ते त्या दिवशी. मी म्हटलं, "तो नाई भांडला. पन त्याच्या मायले कोनी इचारलं का, तुले गोठा चालते का म्हनून?"

बाबांनी खाऱ्या दाण्यांची पुडी मिटून खिशात ठेवली. पुढे मेहकर तालुक्यातले सगळे खड्डे आम्ही न बोलता मोजले.

मला हे आजही पूर्ण पटलेलं नाही, हे इथे लिहून टाकते. चांगुलपणा करणाऱ्या माणसाच्या घरच्यांना कोणी विचारत नाही. बाबा स्वतःचं काही देत नव्हते. त्यांना काय, ते कोणत्याही तारखेला तेवढेच खूश. ते आमचं देत होते. आईचं माहेर जळगाव जामोदकडचं. तिच्या भावाकडे पंचवीसला सगळ्या बहिणी जमायच्या. आई लग्नानंतर एकदाही गेली नाही, कारण अठ्ठावीसला आपल्या घरी फराळ पाहिजे, पाळक जेवायला पाहिजेत, पंचाचं घर. तिला विचारलं तर म्हणायची, "तुया बापाले सांग." आणि बापाला सांगून काही होत नसे. या भाबड्या देवमाणसांनी घरोघर किती बायकांना आणि लेकरांना त्यागाला लावलंय, याची नोंद स्वर्गात ठेवत असतील तर मला एकदा बघायची आहे.

मी मोठी झाले, शिकले, आमच्याच भागात शिक्षिका झाले. लग्न केलं नाही. भाऊ पुण्याला गेला, तिथेच स्थिरावला. बाकीच्या घरांतली पोरंही गेली, कोणी नागपूर, कोणी संभाजीनगर, कोणी पुणे. अकरा घरांची पाच झाली आणि त्या पाचांतही म्हातारी माणसंच. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. मंडळीने त्यांच्या जागी मला पंच केलं. खरं सांगायचं तर दुसरं कोणी तयारच नव्हतं.

पहिली दोन वर्षं मी तारीखवाटपाला गेले आणि मूग गिळून बसले. बाबा जाऊन फार दिवस झाले नव्हते. पण मागच्या वर्षी गेले ती ठरवूनच. नवे पाळक तरुण आहेत, चारचाकी चालवतात, पण चाकं चार झाली तरी पाळक एकच, आणि घरोघरच्या प्रार्थना आणि चहा तसाच. तेव्हा तारखांची रांग अजून तीच. ते वहीत लिहायला लागले, "पंचवीस दुपार..." आणि मी मध्येच म्हटलं, "पंचवीस यंदा आम्हाला पाहिजे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पाळक म्हणाले, "मास्तर तर नेहमी..."

"मास्तर गेले," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच. "आमच्या गावाने पन्नासेक वर्षं शेवटचा नंबर घेतला. पुष्कळ झालं."

कोणी वाद घातला नाही. त्याचाही मला राग आला. एवढं सोपं होतं तर! पाळकांनी मावशीच्या गावापुढे अठ्ठावीस लिहिलं आणि आमच्यापुढे पंचवीस. मी घरी आले आणि कितीतरी वर्षांनी मला डिसेंबरची घाई झाली.

प्रार्थनाघर मी रंगवून घेतलं. तारा वीस तारखेलाच वर चढवला, आत बल्ब लावून. करंज्या चोवीसच्या दुपारपर्यंत तळून झाल्या, आणि मी फडकं-बिडकं काही न बांधता डबा सरळ ओट्यावर उघडा ठेवला. आई आता ऐंशीच्या घरात आहे. ती खुर्चीवर बसून बघत होती. भावाला मी दहा दिवस आधी फोन करून सांगितलं होतं, यंदा पंचवीस आपली. तो म्हणाला, "अगं ताई, पंचवीसला इकडे पोरीचं नाटक आहे चर्चमध्ये. आम्ही नेहमीसारखे सत्तावीसला निघतो ना. आपला तर अठ्ठावीसचाच असते." मी म्हटलं, ऐकतोस का तू, यंदा बदललाय. तो म्हणाला, बघतो. मला वाटलं, बघतो म्हणजे येईल. बाकी घरांनीही आपापल्या पोरांना फोन केले. सगळ्यांची पोरं 'बघतो' म्हणाली.

पंचवीसच्या दुपारी प्रार्थनाघरात आम्ही नऊ जण होतो. पाळक धरून. मी पेटी वाजवली. आईला ऐकू कमी येतं, ती एक ओळ मागे गात होती. शेजारचे एक म्हातारे काका उपदेश सुरू असताना झोपले. पन्नास माणसांच्या हिशेबाने आणलेल्या सतरंज्या रिकाम्या पसरलेल्या होत्या, आणि पाळक त्या रिकाम्या सतरंज्यांकडे बघून जगाला मिळालेल्या मोठ्या आनंदाविषयी बोलत होते. माझ्या बाकावरची ती मैत्रीण, जी आता गावातच अब्बांचं दुकान चालवते, तीही आली नाही. वाटेत भेटली तेव्हा म्हणाली, "आज? मी तं अठ्ठावीसले येनार होती शीरखुर्मा घेऊन. तुमचं तं अठ्ठावीसलेच असते ना वो."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या गावाची पोरं शहरात पंचवीसचा नाताळ करतात. तिकडचं चर्च, तिकडची मंडळी, मुलांची नाटकं, साहेबांकडे जेवण. आणि मग दोन दिवस रजा टाकून घरी येतात, कारण घरचा नाताळ अठ्ठावीसला असतो. तारीख उशिराची होती म्हणूनच ती सगळी येत होती. मी ज्या तारखेवर आयुष्यभर जळत होते, तिच्यामुळेच ते गाव वर्षातून एकदा भरत होतं. हे बाबांना माहीत होतं असं मी म्हणणार नाही. त्यांनी तसा विचार केला नव्हता. पण झालं तसं होतं, आणि मला ते दिसलं नव्हतं.

सत्तावीसच्या संध्याकाळी गाड्या भरून सगळे आले. भाऊ, वहिनी, पोरं, इतर घरांतले लेक-सुना. अठ्ठावीसला सकाळी नवे कपडे घालून अंगणात उभे राहिले आणि भाऊ म्हणाला, "उपासना कितीला?"

"झाली. पंचवीसला."

"मंग आम्ही काऊन आलो?" पुण्यात राहून राहून त्याची भाषा पार पुणेरी झाली आहे, पण चिडला की मूळ निघतं.

"मी सांगितलं होतं तुला!"

"मले वाटलं तुमचं काही तरी आधीचं आहे, प्रार्थना-बिर्थना. खरा तर आजचाच असन ना."

आम्ही अंगणात चांगलेच भांडलो. वहिनी पोरांना आत घेऊन गेली. आई खुर्चीवरून म्हणाली, हळू, पण आम्हा दोघांना ऐकू जाईल असं, "मले पंचवीस नोती पायजे माय. मले समदे पायजे होते."

एसटीत बापाला जो प्रश्न विचारून मी गप्प केलं होतं, तो मी स्वतः आईला विचारला नव्हता. तारीख मागायला गेले तेव्हा नाही, परत आले तेव्हाही नाही. मला घरात बसवेना. पाळक त्या दिवशी मावशीच्या गावाला जाणार होते आणि आमच्या फाट्यावरूनच गाडी जाणार होती. मी फोन केला, म्हटलं पेटी वाजवायला येते. खरं तर पळून चालले होते.

मावशी आता एकटीच आहे. सासू-सासरे केव्हाच गेले. पत्र्याची एक खोली, पुढे सारवलेलं अंगण. आम्ही उतरलो तेव्हा ती दारात झाडत होती. आम्हाला बघून खराटा टाकून तशीच उभी राहिली. "या साहेब. या माय." आम्ही येणार हे तिला माहीत नव्हतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. तिने घाईने चटई टाकली, चूल पेटवली. चहाबरोबर स्टीलच्या ताटलीत चार करंज्या ठेवल्या आणि ओशाळून म्हणाली, "नरम पडल्या साहेब. पंचवीसच्या आहे त्या."

पाळकांनी कप खाली ठेवला. "पंचवीसच्या?"

"हाव ना. लुगडं नेसून बसून होती दुपारपासून. दिवेलागणीपर्यंत पाह्यलं. म्हटलं साहेबाची गाडी बिघडली असन. मंग म्याच प्रार्थना केली अन् दार लावलं."

पाळक माझ्याकडे बघायला लागले. "ताई, तुम्ही यांना कळवलं नव्हतं?"

"तुम्ही ग्रुपवर टाकलं होतं ना!"

"यांच्याकडे कुठे ग्रुप आहे? मला वाटलं, तारीख तुम्ही मागितली, तर तुम्हीच..."

मला वाटलं, त्यांनी. त्यांना वाटलं, मी. मावशीच्या गावाला पंच नाही. तिला तारीख कळवायची पद्धतच नव्हती, कारण ती तारीख इतकी वर्षं कधी बदललीच नव्हती. आमच्या दोघांच्या मधोमध ती पंचवीसच्या दुपारी धुतलेलं लुगडं नेसून रस्त्याकडे डोळे लावून बसली होती. अकरा वर्षांची मी बसायचे तशी नाही. मला निदान माहीत असायचं की अठ्ठावीसला कोणी येणार आहे.

मी तिला म्हटलं, "मावशी, चूक माझी आहे. तुमची तारीख मी मागून घेतली. आमच्या गावाला."

ती रागवेल असं वाटलं होतं. रागवली असती तर बरं झालं असतं. मला भांडता येतं, तेवढं एक नीट येतं. तिने माझ्याकडे पाहिलं, चेहरा खुलला, आणि विचारलं, "मंग झाला का चांगला? समदे आले का पोरंसोरं?"

"हो," मी म्हटलं. "सगळे आले."

पाळकांनी पिशवीतून भाकर आणि पेला काढून पाटावर मांडायला घेतला होता. त्यांचा हात थांबला. पंचवीसला रिकाम्या सतरंज्यांसमोर तेच उभे होते. प्रभुभोजनाआधी मनात जे असेल ते कबूल करायचं असतं, आमच्याकडे लहान मुलालाही हे माहीत असतं, आणि मी मेजासमोर बसून एका म्हातारीशी सणाच्या दिवशी खोटं बोलले होते.

"नाही मावशी," मी म्हटलं. "कोणीच आलं नाही."

ती चटईवर माझ्या बाजूला सरकली आणि म्हणाली, "म्हंजे त्या दिशी आपुन दोघीबी वाटच पाहून राह्यलो होतो."

पाळक म्हणाले, सुरू करू या. मी पेटी उघडली, भाता ओढला, सूर लागला. पहिलं गाणं तिनेच सुरू केलं.